सिग्नल गेला तर यंत्र काय करेल?

म्हैसूरच्या पश्चिमेला, मानसगंगोत्री या विद्यापीठ परिसराच्या पलीकडे बोगादी झपाट्याने वाढतंय. तिथून रिंग रोडने उत्तरेला निघालं की हिनकल ओलांडून हूटगळ्ळी, कूर्गळ्ळी, हेब्बाळ या औद्योगिक वसाहती लागतात. महाराष्ट्रात जशी एमआयडीसी, तशी कर्नाटकात केआयएडीबी. या पट्ट्यातल्या शेडमध्ये काय किंवा बोगादीच्या नव्या लेआउटमधल्या इमारतींवर काय, पूर्वी जिथे केबल ओढावी लागायची तिथे आता छोटी अँटेना दिसते. ईओटी क्रेनला लोंबणारा पेंडंट गेला आणि ऑपरेटरच्या कमरेला रिमोट आला. गच्चीवरच्या टाकीची पातळी खालच्या पंपाला बिनतारी कळते. कॉम्प्रेसरचा दाब आणि जनरेटरमधलं डिझेल सिमकार्डवरून मालकाच्या मोबाइलवर दिसतं. चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली इथेही हेच चाललंय.

हा बदल चांगलाच आहे. क्रेनची फेस्टून केबल सारखी हलून आतून तुटते, उंदीर वायर कुरतडतात, रस्ता खोदून पाइप टाकायचा म्हणजे परवानगी आणि खर्च दोन्ही आलं. पण खरेदीच्या वेळी मालक रेंज विचारतो, बॅटरी किती महिने चालेल ते विचारतो, किंमत पाडून मागतो. दोन प्रश्न मात्र राहून जातात. सिग्नल गेला तर यंत्र काय करेल? आणि हाच सिग्नल आपल्याशिवाय आणखी कोण पाठवू शकेल?

पहिला प्रश्न मेंटेनन्सवाल्याचा आणि दुसरा कॉम्प्युटरवाल्याचा, अशी वाटणी बहुतेक कारखान्यांत झालेली असते. ती चुकीची आहे, कारण शॉप फ्लोअरवर या दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मरूची शायर नावाचा भाग होता. सन २००० च्या सुरुवातीला तिथली सांडपाण्याची १४२ पंपिंग स्टेशनं रेडिओवरून चालवली जात होती. यंत्रणा नवीकोरी होती. अचानक पंप वेळेवर चालू होईनासे झाले, अलार्म मध्यवर्ती संगणकापर्यंत पोचेनासे झाले, मधेच संपर्कच तुटू लागला. नव्या यंत्रणेत असे दोष निघतातच, म्हणून इंजिनिअर आधी तेच शोधत बसले. पुढे रेडिओवरचे संदेश नोंदवून तपासले, तेव्हा कुणीतरी बाहेरून आज्ञा पाठवतंय हे लक्षात आलं. २३ एप्रिल २००० रोजी व्हिटेक बोडेन नावाचा माणूस पकडला गेला. त्याच्या गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ संच सापडला. ही यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटी कंपनीत तो आधी नोकरीला होता, आणि तिथून बाहेर पडल्यावर नगर परिषदेत त्याने मागितलेली नोकरी नाकारली गेली होती. तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात वाहून गेला होता. त्याला दोन वर्षांची कैद झाली.

याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, अमेरिकेत सॅन डिएगोच्या पाणीपुरवठा आणि वीज-गॅस संस्थांनाही आपले व्हॉल्व्ह दुरून उघडता-मिटता येईनासे झाले. माणसं पाठवून व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागले. इथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या एका जहाजाच्या रडारने त्यांची रेडिओ यंत्रणा झाकून टाकली होती.

एकीकडे सूड उगवणारा माणूस, दुसरीकडे आपलं काम करणारं रडार. पंपासमोर उभ्या ऑपरेटरला मात्र दोन्हीकडे एकच दिसलं: यंत्र ऐकत नाही. म्हणून बिनतारी यंत्रणेचा विचार शांततेपासून सुरू करावा. संदेश येणंच बंद झालं तर काय व्हायला हवं, हे आधी कागदावर लिहावं. रिसीव्हरची किंमत त्यानंतर बघावी.

क्रेनचं उदाहरण सगळ्यांत स्पष्ट आहे. चांगला रिमोट बटण दाबलेलं नसतानाही सेकंदाला अनेकदा ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहतो. ठरावीक वेळेत योग्य संदेश आला नाही, की रिसीव्हर मुख्य कॉन्टॅक्टर सोडतो. होइस्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो, त्यामुळे वीज जाताच तो आपोआप आवळला जातो. हे कॅटलॉगमध्ये वाचून समाधान मानू नये. क्रेन रिकामी असताना, खाली कुणी नाही अशी खात्री करून हुक थोडा वर घ्यावा, आणि बटण दाबलेलं असतानाच साथीदाराने रिमोटची बॅटरी काढावी. क्रेन डोळ्यांदेखत थांबली पाहिजे. मग बॅटरी परत घालावी. इथेच पुष्कळ ठिकाणी गफलत सापडते. बॅटरी घातल्याबरोबर क्रेन आपली आपण पुढे चालू लागली, तर तो रिमोट वापरातून काढावा. नव्याने स्टार्ट दिल्याशिवाय काहीही हलता कामा नये.

थांबणं हेच नेहमी सुरक्षित असतं, असं मात्र नाही. भट्टीच्या कॉइलला थंड पाणी देणारा पंप सिग्नल गेला म्हणून बंद पडला, तर कॉइल जळेल. चुंबकाने पत्रे उचलणाऱ्या क्रेनचा चुंबक सुटला, तर खाली माणूस असू शकतो. रसायनांच्या खोलीतला एक्झॉस्ट फॅन चालूच राहायला हवा. गच्चीची टाकी भरणारा पंप उलट बंदच व्हायला हवा, नाहीतर पाणी रात्रभर वाहत राहील. प्रत्येक यंत्राचं उत्तर वेगळं आहे, आणि ते वायरलेसचा विक्रेता देऊ शकत नाही. ते यंत्र रोज चालवणाऱ्या माणसाला विचारून ठरवावं लागतं.

शांततेचा आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे. पडद्यावर टाकी ६२ टक्के भरलेली दिसते. तासाभराने ६२, संध्याकाळी ६२. वर टाकीपाशी सेन्सरची बॅटरी केव्हाच संपलेली असते आणि पडदा शेवटचा आकडाच दाखवत बसलेला असतो. असा शिळा आकडा चुकीच्या आकड्याहून घातक, कारण तो खोटा वाटत नाही. त्यामुळे प्रत्येक वाचनाशेजारी ते किती मिनिटांपूर्वीचं आहे ते दिसलं पाहिजे, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जुनं झालं की आकडा पुसून तिथे लाल खूण आली पाहिजे. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये हे काही ओळींचं काम आहे. पुरवठादाराकडून ते आग्रहाने करून घ्यावं.

आज्ञा गेली आणि काम झालं, या दोन गोष्टींमधलं अंतर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कारखानदाराच्या आधीपासून ठाऊक आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेल्या ‘नॅनो गणेश’ला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. घरी बसून मोबाइलवरून विहिरीवरचा पंप चालू-बंद करण्याचं ते साधन. त्याची खरी किंमत नुसतं बटण दाबण्यात नव्हती. शेतावर वीज आहे का आणि पंप सुरू झाला का, हे उलट कळण्यात होती. कारखान्यातही हाच नियम लावावा. ‘पंप चालू’ हा दिवा कॉन्टॅक्टरला दिलेल्या आज्ञेवरून लावू नये. मोटरने खरोखर करंट घेतला का, पाइपातून पाणी वाहिलं का, यावरून लावावा.

सिमवर चालणाऱ्या स्टार्टरबद्दल इथेच दोन गोष्टी. जुनी उपकरणं २जी जाळ्यावर चालतात. काही कंपन्यांचं २जी अजून सुरू आहे, पण जिओचं जाळं २०१६ साली सुरू झालं तेच ४जीवर. म्हणून आज नवं घेताना ४जीचंच घ्यावं. दुसरं म्हणजे, फोन आमच्या नंबरवरून आला की पंप चालू, एवढ्या पहाऱ्यावर विसंबू नये. समोर दिसणारा नंबर बनावट दाखवता येतो. नंबरासोबत गुप्त कोड हवाच, आणि तो १२३४ नको.

बिनतारी यंत्रणा कुठपर्यंत न्यावी, यालाही एक पट्टी आहे. औद्योगिक वायरलेससाठी आयएसए-१०० या मानकाच्या कामात वापराचे सहा वर्ग केले गेले, शून्य ते पाच. पाचव्या वर्गात नुसती नोंद ठेवणं येतं आणि चौथ्यात सूचना देणं. तिसऱ्या वर्गात माणूस मधे असलेलं नियंत्रण, दुसऱ्या-पहिल्यात यंत्राने आपलं आपण चालवलेलं नियंत्रण, आणि शून्यात आणीबाणीची कृती. लहान कारखान्याने पाच-चारपासून सुरुवात करावी. सहा महिने किती वाचनं हरवली ते मोजावं, मग तिसऱ्याकडे सरकावं. शून्य वर्गातलं, म्हणजे जिथे सेकंदाचा विलंब जिवावर बेतेल, ते तारेवरच ठेवावं. मशीनवरचा लाल इमर्जन्सी स्टॉप बिनतारी करून वाचणारे पैसे अगदी किरकोळ असतात.

आता हवेकडे. पत्र्याची शेड, लोखंडी कॉलम, रॅकवर रचलेला माल: रेडिओलहरींसाठी हा आरशांचा महाल. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात, आणि ही जागा सहा-सात सेंटिमीटरवर बदलू शकते. म्हणूनच तंत्रज्ञ येतो, अँटेना बोटभर सरकवतो आणि ‘चालू झालं’ म्हणून जातो. दुसऱ्या दिवशी रॅकवर कॉइलचा ढीग चढतो आणि पुन्हा बंद. सर्वेक्षण रविवारी रिकाम्या शेडमध्ये करून उपयोग नाही. पहिली शिफ्ट भरात असताना, वेल्डिंग चालू असताना, क्रेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत मोजावं. जिथे सिग्नल सगळ्यांत कमकुवत मिळतो, तिथेही रिसीव्हरच्या गरजेपेक्षा २० डेसिबल जास्त हवा, म्हणजे शंभरपट ताकद. हा आकडा ऐकायला उधळपट्टी वाटतो, पण माल हलला की तेवढं खर्ची पडतं.

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक अगदी साधी आहे. रिसीव्हर लोखंडी पॅनेलच्या आत, अँटेनाही आतच, आणि दार बंद. अँटेना पॅनेलच्या बाहेर, ड्राइव्हच्या केबलपासून लांब असावी. म्हैसूर भागात एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. गच्चीवरच्या अँटेनाला सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग नसेल, तर पहिल्या गडगडाटातच रिसीव्हर जाऊ शकतो.

दोन इमारतींमध्ये किंवा पंपघर आणि टाकी यांच्यात दुवा जोडायचा असेल, तर समोरचं नजरेला दिसतंय एवढं पुरत नाही. ८६५ मेगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या दुव्याला मधोमध सुमारे नऊ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि त्यातली निदान ६० टक्के तरी खरोखर मोकळी हवी. म्हणजे मधल्या झाडाचा शेंडा दृष्टिरेषेच्या साडेपाच मीटर तरी खाली हवा. उन्हाळ्यात, पानगळीनंतर केलेली चाचणी जुलैत ओल्या पानांनी फसते.

कारखान्यातला वाय-फाय १, ६ आणि ११ या चॅनेलवर ठेवला, तर झिगबी जातीच्या सेन्सरना १५, २० आणि २५ हे चॅनेल बऱ्यापैकी मोकळे मिळतात. वायरलेसहार्टसारखी औद्योगिक मानकं तर सतत चॅनेल बदलत राहतात आणि एका सेन्सरचा संदेश दुसऱ्याच्या मार्फतही पोचवतात. त्यांची उपकरणं महाग का, याचं हे मोठं कारण आहे, आणि जिथे उत्पादन थांबण्याचा खर्च मोठा तिथे ते पैसे द्यावेत.

कायद्याची बाजू पुष्कळांना माहीत नसते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ हे पट्टे ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतात. ऑनलाइन मागवलेली कित्येक उपकरणं अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी बनलेली असतात. आपल्याकडे तो भाग मोबाइल सेवेशी टकरावतो, म्हणून तो वापरणं बेकायदाही आहे आणि बेभरवशाचंही. पुरवठादाराकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए प्रमाणपत्र मागावं. ते नसेल तर उपकरण परत करावं.

राहिला दुसरा प्रश्न: आणखी कोण पाठवू शकेल? जानेवारी २०१९ मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी क्रेन आणि तत्सम यंत्रांच्या रेडिओ रिमोटचा अभ्यास प्रसिद्ध केला. सात उत्पादकांची उपकरणं तपासली होती. ऑपरेटरने पाठवलेला संदेश हवेतून टिपून नंतर जसाच्या तसा परत पाठवला, तर यंत्र तो मानत होतं. बनावट आज्ञा तयार करता येत होत्या, आणि थांबण्याचा संदेश पुन्हा पुन्हा पाठवून काम ठप्प करता येत होतं. घरच्या मोटारगाडीच्या किल्लीत दरवेळी बदलणारा कोड असतो. टनावारी माल उचलणाऱ्या क्रेनच्या रिमोटमध्ये तो नव्हता.

म्हणून ‘आमचा सिग्नल एन्क्रिप्टेड आहे’ या उत्तरावर थांबू नये. कुलूपबंद संदेशही जसाच्या तसा पुन्हा वाजवता येतो. पुरवठादाराला सरळ विचारावं की जुना संदेश परत आला तर रिसीव्हर तो ओळखून टाकून देतो का, आणि हे लेखी घ्यावं.

थांबण्याची बनावट आज्ञा आणि चालण्याची बनावट आज्ञा, यांत फार फरक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये कुणीतरी रेडिओवर तीन सुरांचा ‘थांबा’ संकेत पाठवून वीसेक रेल्वेगाड्या अडवल्या. त्या जुन्या पद्धतीत ओळख पटवण्याची सोयच नव्हती. गाड्यांना उशीर झाला, माणसं सुरक्षित राहिली. याच पोलंडमध्ये, वूच शहरात, जानेवारी २००८ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलाने टीव्हीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे सांधे बदलले. चार ट्राम रुळांवरून घसरल्या आणि बारा जण जखमी झाले. पैसे कमी असतील, तर ओळख पटवण्याची पक्की व्यवस्था आधी यंत्र हलवणाऱ्या, उघडणाऱ्या, उचलणाऱ्या आज्ञांना करावी. जॅमर लावून सिग्नल दाबणाऱ्याला कोणताही कोड अडवू शकत नाही. तिथे उपयोगी पडते ती आधी ठरवून ठेवलेली शांततेची वागणूकच.

सुरक्षेचं बाकीचं बहुतेक काम बिनखर्चाचं आहे. स्टोअरमधल्या प्रत्येक रिमोटचा नंबर रजिस्टरमध्ये हवा, तो शिफ्टला कुणी घेतला आणि परत केला त्याची सही हवी. हरवलेला रिमोट रिसीव्हरमधून त्याच दिवशी काढावा. सेन्सरचे संदेश गोळा करणाऱ्या गेटवेचा मूळ पासवर्ड आणि सेन्सरना जाळ्यात घेणारी, उत्पादकाकडून आलेली सामाईक किल्ली बदलावी. यंत्रांचं जाळं ऑफिसच्या आणि पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळं असावं. सिमवरचा राउटर इंटरनेटवर उघडा ठेवू नये, मोबाइल कंपनीकडून खासगी एपीएन घ्यावं. कंत्राटदाराचं काम संपलं किंवा एखादा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, की त्याच्याकडचे सगळे प्रवेश त्याच संध्याकाळी बंद व्हावेत. बोडेनचं प्रकरण समोर ठेवलं, तर या यादीतली हीच ओळ पहिली असायला हवी.

आणि नोंद. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय मांडला. लगेच तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचं सांगितलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेबद्दल असा वाद होऊ शकतो, तर लहान कारखान्यात नोंद नसेल तेव्हा काय ठरवता येणार? रिसीव्हर आणि गेटवेकडून निदान एवढं साठवून घ्यावं: सिग्नलची ताकद, हरवलेले संदेश, नाकारलेले संदेश, नवं जोडलेलं उपकरण, आणि प्रत्येकाची अचूक वेळ. ताकद हळूहळू घसरली असेल तर अँटेना किंवा झाड बघावं. ताकद भरपूर असूनही संदेश नाकारले जात असतील, तर मामला वेगळा आहे.

खंडेनवमीला, म्हैसूरकरांच्या आयुधपूजेला, यंत्रं धुऊन-पुसून थांबवलेली असतात. वर्षाची सराव-चाचणी तेव्हा घेणं सोयीचं. सिग्नलचं मोजमाप भर कामात करायचं, पण सिग्नल तोडून बघायचं ते यंत्र रिकामं असताना. एकेक अँटेना काढावी, गेटवेची वीज बंद करावी, आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे यंत्र वागतं का ते बघावं. रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही बोलवावं. व्हॉल्व्ह हाताने फिरवायचं चाक गंजलेलं नाही ना, पंपाचा मॅन्युअल स्विच कुठे आहे, हे त्याने स्वतः करून बघावं.

खरोखर घात झाल्याचा संशय आला, तर पहिली चूक म्हणजे सगळं बंद करून पुन्हा चालू करणं. आधी यंत्र सुरक्षित स्थितीत आणावं आणि माणसं बाजूला घ्यावीत. मग पडद्याचे फोटो काढून गेटवेची नोंद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी. रीसेट त्यानंतर करावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार स्काडा, औद्योगिक नियंत्रण आणि वायरलेस जाळ्यांवरचे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावे लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सर्ट-इनचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९ आहे. तो कंट्रोल रूमच्या भिंतीवर, पुरवठादाराच्या आणि मेंटेनन्स प्रमुखाच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा.